सव्वा इंचाचं दार: बागेतल्या लाकडी घरट्याची देखभाल

माझी पहिली पेटी रिकामी राहिली असती तर बरं झालं असतं. चिमण्या आल्या, अंडी घातली, पिल्लं निघाली आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आतली चिवचिव थांबली. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर होती, तिला पत्र्याचं छप्पर होतं. एका प्रदर्शनातून आणलेली, दिसायला गोड, म्हणून मी ती हॉलच्या खिडकीतून दिसेल अशी टांगली होती. पाच वाजता शिडी लावून पत्र्याला हात लावला तर चटका बसला. गोष्टीतल्या चिऊताईचं मेणाचं घर पावसात टिकलं खरं, पण साताऱ्याच्या एप्रिलमध्ये त्याचं काय झालं असतं ते गोष्टीत येत नाही.

त्यानंतर आठ वर्षं झाली. बंगल्यामागच्या दीड गुंठ्यात आता तीन पेट्या आहेत, दोन चिमण्यांच्या आणि एक दयाळाची. पेटी बनवणं एका रविवारचं काम आहे. पिल्लं जगतात ती मात्र पेटीभोवतीच्या बागेवर. आणि ती आत असतात तेव्हा आपण करायचं काम फारच थोडं असतं, हे पचवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आधी आठवडाभर नुसतं पाहा

पेटी आणण्याआधी सात दिवस सकाळी पंधरा मिनिटं चहाचा कप घेऊन बागेत बसा. कोण येतं, कुठल्या भिंतीत, पाइपात, मीटरच्या खोक्यात डोकावतं, हे बघा. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटं करणारे पक्षीच पेटी वापरतात. आपल्याकडे म्हणजे चिमणी, दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा आणि झाडीचा भाग असेल तर राखी वल्गुली. बुलबुल, शिंपी, शिंजीर, नाचण यांच्यासाठी पेटी टांगण्यात अर्थ नाही. ते फांदीवर किंवा पानात आपलं घरटं बांधतात. त्यांना दाट झुडूप हवं असतं, सुताराचं काम नको.

आसपास चिमण्या मुळीच नसतील तर पेटी टांगल्याने त्या येणार नाहीत. चिमणी आपला टापू सोडून फार लांब जात नाही. दोन गल्ल्यांपलीकडच्या किराणा दुकानापुढे, गिरणीपाशी किंवा गोठ्यात त्या दिसत असतील तर आशा आहे. दयाळाचं उलट आहे. तो एकटा-दुकटाच असतो, आणि पहाटे अँटेनावर बसून शीळ घालणारा काळा-पांढरा, शेपटी उभी धरणारा पक्षी तुमच्याकडे असेल तर जागेवर त्याचा हक्क आधीच लागलेला आहे. नर काळाभोर, मादी राखी. एका छोट्या बागेत दयाळाची एकच जोडी राहते, कारण तो दुसऱ्या नराला कुंपणाच्या आत येऊ देत नाही. चिमण्यांना शेजार चालतो, त्यांच्या दोन-तीन पेट्या हातभर अंतरावर असल्या तरी हरकत नाही.

सुताराकडे जाताना

सुतार इंचात बोलतो, म्हणून मापं इंचातच देते.

चिमणीच्या पेटीचं भोक सव्वा इंच, म्हणजे साधारण 32 मिलिमीटर. एवढ्यातून चिमणी आरामात जाते आणि साळुंकी जात नाही. बाजारातल्या बऱ्याच पेट्यांना दीड इंची भोक असतं, तेही चालतं. दोन इंचांच्या जवळ गेलात की पेटी साळुंकीची झाली समजा.

फळी पाऊण इंची घ्या. पातळ फळी उन्हात तापते आणि पावसात फाकते. आतला तळ पाच बाय पाच इंच. दोन्ही बाजू पाच इंच रुंद, मागे दहा आणि पुढे नऊ इंच उंच, म्हणजे छपराला पुढे उतार येतो. पुढची फळी साडेसहा बाय नऊ. मागची साडेसहा बाय चौदा, म्हणजे वर-खाली स्क्रू मारायला जागा राहते. छप्पर नऊ बाय नऊ, पुढे दोन-अडीच इंच झुकलेलं. भोक तळापासून सहा इंचांवर. त्याच्या खाली जेवढी खोली, तेवढा मांजराचा पंजा आणि कावळ्याची चोच पिल्लांपासून लांब.

लाकूड सागवानच हवं असं नाही. फर्निचरचं काम चालू असलेल्या घरी उरलेल्या फळ्या मिळतात, पॅकिंगची खोकीही चालतात. प्लायवूड टाळा. कोकणात तर एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. आतून रंधा मारू देऊ नका, खरखरीत राहू दे. पिल्लं बाहेर पडताना त्या खरखरीवर नखं रोवून वर चढतात. सुताराने सवयीने गुळगुळीत केलंच तर भोकाखाली आतून पटाशीने आडव्या खाचा मारून घ्या. तळाच्या चार कोपऱ्यांत पेन्सिल जाईल एवढी भोकं, आणि छपराखाली दोन्ही बाजूंना तशीच दोन-दोन, हवेसाठी. एका बाजूची फळी बिजागरीवर, खाली स्क्रूने बंद. नुसती कडी नको. कडी असली की येणारा प्रत्येक पाहुणा ती उघडून बघतो.

रंग आतून अजिबात नाही. बाहेरून बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन हात, आणि मग दोन आठवडे वास जाईपर्यंत वाळवणं.

आमचा सुतार पेटी हातात देताना म्हणाला, “ताई, बसायची दांडी विसरलात की तुम्ही.” विसरले नव्हते. चिमणी लाकडाला लटकून आत जाते, तिला दांडी लागत नाही. दांडीवर बसून आत चोच घालायला कावळ्याला मात्र सोयीचं होतं. विकतच्या पेटीला दांडी असेल तर कापून टाका.

दयाळाची पेटी थोडी ऐसपैस लागते. तळ सहा बाय सहा, भोक अडीच इंच. ह्या भोकातून साळुंकीही घुसते. घुसली तर घुसली. तीही इथलीच आहे, आणि एका पक्ष्याला हाकलून दुसऱ्याला जागा देण्याच्या फंदात मी पडत नाही.

मातीचं मडकं? बुडाशी भोक पाडून आडवं टांगलेली मडकी चिमण्या वापरतात, आणि ती थंडही राहतात. पण साफ करायला उघडत नाहीत आणि वाऱ्यात आपटून फुटतात. बुटांची खोकी आणि प्लास्टिकच्या बाटल्या शाळेच्या उपक्रमापुरत्या ठीक.

कुठे आणि कधी

पेटी दिवाळीनंतर टांगा, फार तर डिसेंबरपर्यंत. चिमण्यांची लगबग फेब्रुवारीत सुरू होते, होळीपर्यंत चोचीत गवताच्या काड्या दिसायला लागतात. तोवर पेटी भिंतीचा भाग होऊन गेलेली असावी. मार्चमध्ये घाईघाईने टांगली तर ते वर्ष बहुधा रिकामं जातं.

तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला. दुपारनंतरचं ऊन पेटीवर पडता कामा नये. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण दोन्ही बाद. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाचाच विचार आधी करा: पडवीच्या आत, गच्चीच्या सज्जाखाली, आंब्याच्या सावलीतल्या भिंतीवर. कोकणात छप्पर आणखी इंचभर पुढे काढा आणि पेटी किंचित पुढे कललेली ठेवा.

उंची आठ ते बारा फूट. दयाळाला पाच-सहा फूटही पुरतात, पण मग मांजराचा बंदोबस्त जास्त लागतो. पेटीच्या खाली मांजर उडी मारू शकेल असा कट्टा, एसीचं बाहेरचं यंत्र, पाण्याच्या टाकीची शिडी नको. फांदीला टांगून झुलणारी पेटी फोटोत छान दिसते, पक्ष्यांना मात्र घट्ट बसवलेली लागते. आणि पडवीत पंखा असेल तर पेटी तिथे नको. फोटोच्या मागे घरटं करणाऱ्या चिमण्या आणि छताचा पंखा ह्याची आठवण जुन्या घरात वाढलेल्या कोणालाही असेल.

एक-दोन वर्षं कोणी आलं नाही तरी जागा बदलू नका. माझी दुसरी पेटी तब्बल दोन हंगाम कोळ्यांनी वापरली.

आता खरं काम: अळ्या

चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना ती दाणे भरवत नाही. पहिले बरेच दिवस पिल्लांना मऊ, ओलसर किडे लागतात: अळ्या, नाकतोडे, मावा, कोळी. दयाळ तर जन्मभर मुख्यतः किडेच खातो. बागेत अळ्या नसतील तर पेटी कितीही चांगली असली तरी आत पिल्लं उपाशी राहतात, आणि तुम्हाला ते कळतही नाही.

म्हणून जानेवारीपासून पावसाळा संपेपर्यंत बागेत कीटकनाशक बंद. पूर्ण बंद. कडुलिंबाचा अर्कसुद्धा अळ्या मारतोच, तेव्हा “सेंद्रिय आहे” म्हणून सूट नाही. जास्वंदावर पिठ्या ढेकूण आला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा किंवा जुन्या ब्रशने घासून काढा. सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी होत असेल तर पेटीत पिल्लं आहेत, हा कोपरा सोडा, असं आधी जाऊन सांगा. सांगितलं तर ऐकतात बहुतेकदा. न सांगता चिडून उपयोग नाही.

कढीपत्ता आणि लिंबू लावा. ब्लू मॉरमॉन, म्हणजे 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, आणि त्याचा छोटा भाऊ कॉमन मॉरमॉन ही दोघं लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. त्यांच्या अळ्या लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी फसतात. मोठ्या होऊन हिरव्या झाल्या की पानांत लपतात, आणि चिमणी तिथेही शोधून काढते. कढीपत्ता अर्धा खाल्ला म्हणून आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी हळहळतात. मी त्यांना माझ्या झाडाची पानं देते आणि विषय बदलते.

रुईवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या मात्र पक्षी सोडून देतात. रुईच्या चिकातलं विष त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. म्हणजे रुई फुलपाखरांसाठी लावा, पिल्लांसाठी तिचा उपयोग नाही.

कोपऱ्यात पालापाचोळा पडू द्या. दयाळ तिथेच उड्या मारत पानं उलटीपालटी करतो. मेंदीचं किंवा बोगनवेलीचं एखादं दाट कुंपण असेल तर चिमण्या रात्री तिथे झोपतात, शिकरा आला की तिथेच घुसतात. फरशी बसवायची असेल तर हातभर मातीचा तुकडा उघडा ठेवा. चिमण्यांना धुळीत लोळायला लागतं, पिसांतले किडे त्याने जातात.

पाणी पसरट मातीच्या भांड्यात, खोली दोन बोटं. रोज बदला आणि घासा. शेवाळ धरलेलं पाणी ठेवण्यापेक्षा न ठेवलेलं बरं. दाणे द्यायचे तर बाजरी किंवा तांदळाची कणी, मूठभर, आणि पेटीपासून लांब. पेटीखाली दाणे टाकले की कबुतरं आणि कावळे गोळा होतात, आणि कावळ्याला मग शोधत यावं लागत नाही. फरसाण, खारी, पावाचे तुकडे नकोत.

आणि संक्रांतीनंतर एक फेरी. 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी दर जानेवारीअखेर मी आमच्या शेवग्यावरून आणि तारांवरून मूठभर मांजा काढते. तो राहिला तर फेब्रुवारीत चिमणी घरट्यात नेते आणि पिल्लाच्या पायाला गुंडाळतो. बागेतले नायलॉनचे दोरे, पोत्यांचे प्लास्टिकचे धागे ह्याच फेरीत उचला. काथ्याचे लांब तुकडे बोटभर कापून टाका, ते चालतात.

पाहुणे आले, आता मोजायचं आणि गप्प बसायचं

गळ्यावर काळा डाग असलेला चिमणा भोकापाशी बसून दिवसभर एकसुरी चिवचिव करायला लागला की पेटी त्याने घेतली. मादीला पसंत पडली तर काड्या सुरू होतात. चिमणीचं घरटं म्हणजे पसारा असतो: गवत, पिसं, कापूस, केस, काय मिळेल ते. दयाळाची मादी नेटकी, मुळ्या आणि बारीक काड्यांची वाटी करते, आणि ते काम बहुतेक एकटीच करते.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने खुणा करा. अंदाज घ्यायला ह्याहून सोपं साधन नाही.

अंडी रोज एक घातली जातात. चिमणीची तीन ते पाच, पांढुरक्या रंगावर तपकिरी ठिपके. दयाळाची साधारण तेवढीच, निळसर हिरवट, लालसर डागांची. अंडी घालायचे हे तीन-चार दिवस मादी तासन्‌तास बाहेर असते, आणि नवखा माणूस इथे घाबरतो: “टाकून गेली वाटतं!” टाकलेली नसतात. अंडी पुरी होत आली की ती नीट उबवायला बसते, म्हणजे सगळी पिल्लं साधारण एकदम निघतात. ह्याच दिवसांत पेटी उघडली, शिडी लावली, टॉर्च मारला तर मात्र ती खरोखर सोडून जाऊ शकते.

उबवणं चिमणीचं अकरा ते चौदा दिवस, नर-मादी आळीपाळीने. दयाळाचं बारा-तेरा दिवस, एकट्या मादीचं. नर तेवढा वेळ पहारा देतो आणि गातो.

मधेच नर दिसेनासा झाला तर? पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी लहानपणी, 1906-07 च्या सुमारास, एक नोंद करून ठेवली होती. भिंतीतल्या भोकाबाहेर खिळ्यावर राखण करणारा चिमणा त्यांनी उभ्या बग्गीच्या आडून बंदुकीने टिपला. आत अंड्यांवर बसलेल्या मादीने थोड्याच वेळात दुसरा नर मिळवला, आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. सात दिवसांत असे आठ नर त्यांनी मारले. बंदुकीचं सोडा, पण चिमणीचं कुटुंब आपल्याला वाटतं तेवढं हळवं नसतं. आपण धावून जाण्याआधी तिने व्यवस्था केलेली असते.

पिल्लं निघाली हे पेटी न उघडता कळतं. आई-बाप चोचीत काहीतरी घेऊन आत जायला लागतात. गेल्या मे महिन्यात दयाळाच्या पेटीसमोर मी स्वयंपाकघराच्या खिडकीत वही घेऊन बसले होते. सकाळी साडेसहा ते साडेसात, एका तासात 18 फेऱ्या. मादी पालापाचोळ्यातून, नर लिंबावरून. तिसऱ्या-चौथ्या फेरीला बाहेर येताना चोचीत पांढरी, ओलसर, चुरमुऱ्याहून जरा मोठी पुडी. ती पिल्लाची विष्ठा. पातळ पिशवीत बांधलेली येते, आई-बाप ती उचलून लांब नेऊन टाकतात, म्हणजे घरटं कोरडं राहतं आणि वासावर कोणी येत नाही. आमच्या दयाळाने ती प्रत्येक वेळी शेजारच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर ठेवली. गाडीवाल्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

पुडी दिसली म्हणजे सगळं ठीक आहे: पिल्लं जिवंत आहेत, खातात, पचवतात. पेटीत कॅमेरा बसवायची हौस असेल तर तो डिसेंबरात, पेटी टांगतानाच. आता नाही. फ्लॅश कधीच नाही.

चिमणीची पिल्लं साधारण दोन आठवड्यांत बाहेर पडतात, दयाळाचीही तेवढ्यातच. शेवटच्या चार-पाच दिवसांत पेटीच्या जवळ अजिबात जाऊ नका. घाबरली तर पुरती पिसं येण्याआधीच उड्या टाकतात.

मांजर, मुंग्या आणि भारद्वाज

मांजर हा सगळ्यात मोठा धोका, त्यातही शेजाऱ्यांचं लाडकं मांजर. पिल्लं उडायच्या त्या दोन-तीन दिवसांत मांजर सकाळी घरात ठेवता येईल का, एवढंच विचारा. पेटी झाडावर असेल तर बुंध्याला दीड-दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा. पत्र्याचा चांगला उपयोग म्हणाल तर हाच.

भारद्वाज दिसला की आपल्याकडे शुभ मानतात. घरट्यातल्या चिमणीचं मत वेगळं असणार. तो अंडी आणि पिल्लं खातो. भोक लहान आणि खोली पुरेशी असेल तर त्याचं काही चालत नाही. भोकाचा काठ खारीने किंवा उंदराने कुरतडून मोठा केला असेल तर भोकाभोवती सव्वा इंची भोकाची पत्र्याची चकती ठोका, कडा कानशीने घासून.

लाल मुंग्या एका रात्रीत उघडी पिल्लं संपवू शकतात. पेटीच्या भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली तर ती कुठून येते ते शोधा आणि तिथे, पक्षी बसत नाहीत अशा जागी, व्हॅसलीनचा जाड पट्टा ओढा. खडू नको, पावडर नको, पेटीवर तर काहीच नको. फांदी भिंतीला टेकत असेल तर ती छाटली की निम्मा प्रश्न सुटतो.

धामण एखाद्या वर्षी येते. आमच्याकडे एकदा आली आणि पेटी रिकामी करून गेली. मी तिला काठी लावली नाही. तीही बागेतलीच.

पिल्लू खाली पडलंय

हा फोन मला दर उन्हाळ्यात येतो, आणि माझा पहिला प्रश्न एकच असतो: पिसं आहेत का?

उघडं, डोळे मिटलेलं किंवा नुसती लव आलेलं असेल तर ते घरट्यातून पडलंय. उचला आणि परत पेटीत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हे खरं नाही. पेटी हाताला लागत नसेल तर जवळच्या आडोशाला, मांजर पोचणार नाही अशी छोटी टोपली टांगून तीत ठेवा आणि लांब जाऊन बघा. आई आवाजावर येते.

पिसं पुरती आलेली, शेपूट आखूड, इकडून तिकडे उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, शाळेत निघालंय. आई-बाप वरून बघत असतात आणि पुढे आठ-पंधरा दिवस भरवत राहतात. रस्त्यावर असेल तर झुडपात ठेवा, बस. घरी नेऊ नका. दर वर्षी चांगली माणसं चांगल्या हेतूने धडधाकट पिल्लं आई-बापांपासून पळवतात.

रक्त येतंय, पंख लोंबतोय किंवा मांजराने तोंडात धरलं होतं, तर बुटांच्या खोक्याला भोकं पाडा, आत सुती फडकं घाला, पिल्लू ठेवा, झाकण लावा, अंधारात, उबेत. पाणी चोचीत टाकू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पाव नको, पक्ष्याला दूध पचत नाही. महाराष्ट्रात वन विभागाचा 1926 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. त्यावर फोन करा, जवळचं उपचार केंद्र किंवा पक्षिमित्र मिळतो. जंगली पक्ष्याचं पिल्लू पिंजऱ्यात वाढवायचा मोह मुलांना होतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे हे त्यांना सांगा, आणि हेही की आई बाहेर अळी घेऊन बसली आहे.

उडाल्यानंतर

पेटी लगेच उघडायची घाई नको. चिमणी आठवड्याभरात त्याच पेटीत पुन्हा काड्या आणायला लागते, एका वर्षात दोन-तीन वेळा अंडी घालते. मृगाच्या आधी एक खेप होते, पावसाची झड ओसरली की पुन्हा. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी उठते, तेव्हा पेटीत पिल्लं असतील तर त्यांची चंगळ. त्या संध्याकाळी बाहेरचा दिवा उशिरापर्यंत जाळू नका, कीटक दिव्याशी मरून वाया जातात.

साफसफाई वर्षातून एकदा, डिसेंबरात. आधी तीन दिवस लक्ष ठेवा: कोणी रात्री झोपायला येत असेल तर सकाळी तो उडून गेल्यावरच काम करा. तोंडाला मास्क, हातात मोजे. जुनं घरटं काढून कचऱ्याच्या बंद पिशवीत घाला, त्यात बारीक किडे असतात. न उबलेली अंडी असतील तर तीही त्यातच, शोकेससाठी ठेवायची नाहीत. मग उकळतं पाणी आतून ओता, ब्रशने घासा, पुन्हा ओता. फिनेल नाही, साबण नाही. उन्हात दोन दिवस उघडी. तळाची भोकं तारेने मोकळी करा, स्क्रू बघा, फळी फाकली असेल तर बाहेरून पट्टी मारा.

गेल्या डिसेंबरात चिमणीच्या पेटीतून निघालं ते मी वर्तमानपत्रावर पसरून पाहिलं: वाळकी हरळी, कबुतराची चार पिसं, गादीचा कापूस, माझ्या निळ्या साडीच्या गोंड्याचे धागे, एक बसचं तिकीट आणि टाचणीएवढा नायलॉन मांजा. म्हणजे जानेवारीतली माझी फेरी पुरी पडली नव्हती. शेवग्याच्या वरच्या शेंड्यापर्यंत मी गेलेच नव्हते. ह्या वर्षी बांबूला आकडा बांधून ठेवलाय.

पेटी वाळली की त्याच भिंतीवर, त्याच स्क्रूंवर, तोंड पूर्वेला.